साइट बनवता येते सगळ्यांना, संपवायची कशी ते सांगतो

पुण्यात कर्वे रोडच्या मागच्या गल्लीत भाड्याचा टू बीएचके, सहा माणसं, किचनच्या ओट्यावर राउटर आणि त्याला खेटून चहाचं पातेलं. ही आमची डिजिटल एजन्सी. मी इथे नऊ वर्षं आहे, आधी कोड लिहायचो, आता कोड कमी आणि फोन जास्त. दर जूनमध्ये नवीन पोरं येतात, हुशार असतात, रिअ‍ॅक्ट येतं, फिग्मा येतं, आठ दिवसांत साइट उभी करून दाखवतात आणि मग तीच साइट आठ महिने संपत नाही. साइट बनवायला शिकवणारे यूट्यूबवर ढिगाने आहेत, ती संपवून पैसे खात्यात कसे आणायचे हे कोणी सांगत नाही, म्हणून म्हटलं एकदा लिहून काढू. साधी दहा पानांची बिझनेस साइट धरा. कारखानदार, क्लासवाले, दवाखाना, मसालेवाले, असं कोणीही. पहिल्या फोनपासून सुरू करू.

पहिला फोन

क्लायंट म्हणणार, "जास्त काही नको, साधीच साइट पाहिजे." साधी हा शब्द ऐकला की पेन उचलायचं. बजेट विचारायची घाई करू नका, तसंही कोणी खरं सांगत नाही. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा: शेवटचा शब्द कोणाचा, मजकूर कोण देणार, आणि आत्ताचं डोमेन (साइटचा पत्ता) आणि ईमेल कोणाच्या ताब्यात आहे. या तिन्हीपैकी एकाचं जरी उत्तर "बघू, ते होऊन जाईल" असं आलं ना तर तिथेच तुमचे दोन महिने जाणार हे लिहून घ्या.

शेवटचा शब्द कोणाचा हे फार महत्त्वाचं. घरच्या धंद्यात फोन करतो मुलगा, डिझाइन पास करतो मुलगा, आणि लाँचच्या आदल्या दिवशी अण्णा, म्हणजे त्याचे वडील, विचारतात, हा निळा कुठून आणला, आपला रंग तर पिवळा. मग अण्णांचं बरोबर असतं हो, तीस वर्षं पोत्यांवर पिवळाच छापलाय त्यांनी, पण ते आपल्याला आधी कळायला हवं होतं. म्हणून पहिल्या मीटिंगला अण्णा पंधरा मिनिटं तरी पाहिजेतच, आणि मीटिंग त्यांच्याकडे जाऊन करायची, आपल्या ऑफिसला बोलवायचं नाही. तिथे गेलं की भिंतीवरचं कॅलेंडर, टेबलावरचं बिलबुक, गोडाऊन, फोनवर गिऱ्हाईक काय विचारतं, हे सगळं दिसतं. यातलं एकही ब्रीफमध्ये, म्हणजे क्लायंट कामाची लेखी माहिती देतो त्यात, येत नाही.

कोटेशन

माझं गणित सांगतो, तुमचे आकडे तुम्ही घाला. समजा एका माणसाचा पगार ३०,००० आहे. महिन्याचे कामाचे दिवस २२, आणि दिवसाला खरं काम पाच तासच होतं, बाकीचे कॉलमध्ये, चहात आणि "ती फायनल फाइल कुठे ठेवलीय" यात जातात. म्हणजे ११० तास, तासाला साधारण २७५ रुपये. त्यात भाडं, लाइट, सॉफ्टवेअर आणि काम नसतानाचे दिवस धरले की ते दुप्पट होतात, ५५०. वर थोडा नफा नको का? म्हणून ७००. दहा पानांची साइट फोन, मीटिंग, चेंजेस धरून ९० तास खाते, झाले ६३,०००. हा आकडा ऐकून समोरचा म्हणणारच की भाच्याचा मित्र १५ हजारात करून देतोय. द्या म्हणायचं, खरंच द्या, मी तर शुभेच्छा पण देतो. त्यातले बरेच जण वर्षभराने परत येतात आणि तेव्हा घासाघीस करत नाहीत.

तासांचा अंदाज पोरांनी दिला असेल तर दीडने गुणा. मी दिला असेल तर दोनने.

कोटेशनमध्ये "यात काय येतं" हे सगळेच लिहितात. तुम्ही "यात काय येत नाही" हे त्याच्या दुप्पट लिहा. फोटोग्राफी येत नाही, इंग्रजीचं मराठी येत नाही, लोगो नव्याने काढणं येत नाही, तीसच्या वरची प्रॉडक्ट्स भरणं येत नाही, दिवाळी-पाडव्याच्या पोस्ट येत नाहीत. प्रत्येक पानाला चेंजेसच्या दोन फेऱ्या, आणि एका फेरीतले सगळे चेंजेस एकत्र. हे वाचून क्लायंट चिडत नाही, उलट त्याला वाटतं या माणसाने आधी असली कामं केलीयेत. दिवाळीच्या पोस्टचं वेगळं लिहायचं कारण म्हणजे एकदा फुकट दिली की पुढे संक्रांत, शिवजयंती, महिला दिन, सगळं आपल्याच गळ्यात.

पैसे

अ‍ॅडव्हान्सशिवाय काम सुरू करू नका. ओळखीचं असेल तर अजिबातच करू नका, कारण अनोळखी माणसाकडे पैसे मागता येतात, मावसभावाच्या साडूकडे मागता येत नाहीत. आम्ही ४० टक्के आधी, ४० डिझाइन पास झाल्यावर आणि २० शेवटी घेतो. हे शेवटचे २० कधी, इथेच सगळी गोम आहे. "लाँच झाल्यावर" असं आम्ही पहिली चार वर्षं लिहायचो आणि मजा अशी की क्लायंट मजकूरच देत नव्हता, मग लाँच होणार कसं, आणि लाँच नाही तर पैसे नाहीत, आणि दोष कोणाचाच नाही. आता लिहितो: लाँचच्या आधी, किंवा काम सुरू झाल्यापासून ९० दिवसांनी, जे आधी होईल तेव्हा. या एका ओळीने आमचे जेवढे पैसे वाचवलेत तेवढे कुठल्या सॉफ्टवेअरने वाचवले नाहीत.

जीएसटी नंबर असेल तर ६०,००० च्या कामावर १८ टक्के म्हणजे १०,८००, बिल ७०,८०० चं. क्लायंट कंपनी असेल तर टीडीएस (आपल्या नावाने सरकारला आधीच भरायचा टॅक्स) कापणार, तो ६०,००० वर, जीएसटीवर नाही. आता तो २ टक्क्यांनी कापतात की १० टक्क्यांनी हे त्यांच्या सीएवर असतं. २ ने कापला तर हातात ६९,६००, १० ने कापला तर ६४,८००. टीडीएस बुडत नाही, रिटर्नमध्ये मिळतो, पण या महिन्याचा पगार त्यातून होत नाही ना. म्हणून कामाआधीच विचारून ठेवा. आणि टॅक्स इन्व्हॉइस उगाच लवकर काढू नका, ते काढलं की जीएसटी तुम्हाला भरावाच लागतो, मग समोरच्याने पैसे दिले असोत नाहीतर नसोत. आधी प्रोफॉर्मा, म्हणजे नुसतं पैसे मागायचं आगाऊ बिल, पाठवायचा.

उद्यम नोंदणी करून घ्या, फुकट आहे, सरकारी पोर्टलवर आधारवरून होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असा २००६ चा कायदा आहे. तो अठरा वर्षं कोणी मनावर घेत नव्हतं. २०२४ पासून मात्र इन्कम टॅक्सवाल्यांनी जोर लावला, मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च क्लायंटला त्या वर्षात दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवायचा. म्हणून धमक्या द्यायची काही गरज नाही. इन्व्हॉइसच्या खाली बारीक अक्षरात उद्यम नंबर टाका आणि फेब्रुवारीत एक नम्र मेल करा, त्यांच्या अकाउंट्सला कॉपीत घेऊन. मार्चमध्ये पैसे आपोआप सुटतात, सीएने सांगितलेलं असतं.

आणि अकाउंट्सवरून आठवलं, पैसे साहेब देत नाहीत, अकाउंट्सच्या काकू देतात. साहेब फक्त "सांगतो" म्हणतात. काकूंचं नाव माहीत करून घ्या, आरटीजीएस कुठल्या वारी करतात ते विचारा, बिलाची प्रिंट लागते का मेल चालतो ते विचारा. आमचं एक बिल तीन महिने अडकलं होतं, कारण काय तर त्यावर पीओ नंबर (त्यांच्या खरेदी ऑर्डरचा नंबर) नव्हता आणि काकूंनी ते बाजूला ठेवलं होतं. कोणी सांगितलं नाही कारण कोणी विचारलं नाही.

मजकूर

खरा रक्तदाब वाढतो तो इथे. लोगो मागितला की व्हिजिटिंग कार्डचा फोटो येतो, तोही व्हॉट्सअ‍ॅपवर, तिरका, कोपऱ्यात अंगठा. खरी फाइल कोरलड्रॉमध्ये त्यांच्या छपाईवाल्याकडे असते, त्यामुळे थेट छपाईवाल्याचा नंबर मागायचा, ते लोक दहा मिनिटांत पाठवतात.

मराठी मजकूर असेल तर आणखी एक भानगड. सांगलीच्या एका हळदवाल्यांचं काम होतं, त्यांनी जुन्या माहितीपत्रकाची डीटीपी फाइल पाठवली, श्रीलिपीत केलेली. कॉपी करून साइटवर टाकलं तर सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं. या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षराचा नुसता आकार इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेला असतो, फॉन्ट गेला की अक्षर गेलं. कन्व्हर्टरने युनिकोड (कुठल्याही फोन-कॉम्प्युटरवर दिसणारं मराठी) करून मिळतं, पण पुढे नीट वाचायचं हां. आमच्या पोराने कन्व्हर्ट केलं, वरवर बघितलं, टाकलं. होम पेजवर मोठ्या अक्षरांत "व्यापार्यांसाठी". पाहिजे होतं "व्यापाऱ्यांसाठी", तो र चंद्रकोरीसारखा य ला चिकटतो तसा. हळदवाल्यांच्या अण्णांनी चष्मा न लावता एका सेकंदात पकडलं आणि म्हणाले, "हे कोण हो व्यापार्या?" त्यानंतर त्यांनी प्रत्येक पान ओळीवर बोट ठेवून वाचलं, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कन्व्हर्ट केलेल्या मजकुरात असे र, जोडाक्षरं, पहिली-दुसरी वेलांटी आणि आकडे एवढं तरी डोळ्यांनी तपासा.

डिझाइनर लोकांसाठी, कारण हे कुठल्या कोर्सात येत नाही. इंग्रजी टेम्प्लेट उचललं की हेडिंगला लेटर स्पेसिंग (दोन अक्षरांमधली जागा) लावलेलं असतं, मराठीत ते शून्य करा, नाहीतर शिरोरेखा तुटून शब्द दात पडलेल्या फणीसारखा दिसतो. लाइन हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या किती पट) १.६ च्या आसपास ठेवा, १.२ वर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकारात घुसते. पानाच्या एचटीएमएल कोडमध्ये भाषा मराठी अशी सांगा, नाहीतर बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात, आणि तरुण पोरांना फरक कळत नसला तरी अण्णांना कळतो. फॉन्ट फुकटात चांगले आहेत, एक टाइपचे मुक्ता आणि बलू आहेत, जरा पुस्तकी वळण पाहिजे असेल तर टिरो देवनागरी मराठी. आणि डिझाइन करताना लोरेम इप्सम (जागा भरायचा निरर्थक मजकूर) बंद. पहिल्या दिवसापासून खरं मराठी टाका, "आमच्याबद्दल" आणि "संपर्क साधा" मेनूत बसतात का ते तेव्हाच कळतं.

मजकूर आलाच नाही तर? तर वाट बघू नका, चुकीचं लिहून पाठवा. कोरं पान चार महिने पडून राहतं, चुकीचं पान तासाभरात दुरुस्त होऊन येतं, माणसाला स्वतःबद्दल चुकीचं लिहिलेलं सहन होत नाही. एआयने लिहून घ्यायला माझी ना नाही, पण ते जे लिहितं ना, "गुणवत्ता आणि विश्वासाची परंपरा", ते हळदीलाही चालतं आणि बोअरवेललाही. आम्ही अण्णांना विचारून फोन रेकॉर्डिंगला लावला आणि चाळीस मिनिटं नुसतं बोलू दिलं. ते हरिपूरच्या पेवांबद्दल बोलायला लागले, जमिनीखाली खोल खड्डे, त्यात हळद भरून तोंड बंद करायचं, वर्षानुवर्षं टिकायची, उघडताना आधी हवा जाऊ द्यायची मग माणूस उतरायचा, आणि २००५ च्या पुरात पाणी शिरून किती पेवं गेली. ते आम्ही जवळजवळ जसंच्या तसं लिहिलं. आज त्यांच्या साइटवर लोक सगळ्यात जास्त वेळ त्याच पानावर थांबतात. हे कुठल्या ब्रीफमध्ये लिहून येणार होतं, सांगा.

जाता जाता, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं म्हणून मुलगा म्हणाला जीआयचा लोगो टाका. लगेच टाकू नका. तो अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असलेल्यांसाठी आहे, आधी त्यांचं प्रमाणपत्र मागा. आयएसओ वगैरेचंही तेच.

चेंजेस

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होणारच, अडवू नका, पण ग्रुपवर आलेला चेंज हा चेंज नाही हे पहिल्या दिवशी सांगा. चेंज म्हणजे चेंजेसच्या शीटमधली ओळ: कुठलं पान, आत्ता काय आहे, काय पाहिजे. रविवारी रात्री साडेदहाला सव्वाचार मिनिटांची व्हॉइस नोट येते, त्यात दोन मिनिटं ट्रॅफिकचा आवाज आणि शेवटी "बाकी बघून घ्या". त्याला सोमवारी सकाळी उत्तर द्यायचं, "साहेब, यातून मला एवढ्या तीन गोष्टी समजल्या, शीटमध्ये टाकल्यात, बरोबर का बघा." रविवारी उत्तर दिलं की मेलात, पुढचा रविवार पण त्यांचाच.

लोगो मोठा करा यावर आमच्या धंद्यात इतके जोक आहेत की खरं सांगायला लाज वाटते, पण निम्म्या वेळा क्लायंटचं बरोबर असतं. आपण सत्तावीस इंची मॉनिटरवर बघतो, त्याचं गिऱ्हाईक दहा हजारांच्या फोनवर उन्हात बघतं. म्हणून डिझाइन दाखवताना फोनवर दाखवा, आणि स्वस्तातल्या फोनवर दाखवा. आम्ही त्यासाठी एक जुना तडा गेलेला फोन मुद्दाम ठेवलाय.

ज्युनिअरला क्लायंटच्या कॉलवर एकट्याला सोडू नका. मोठ्या आयटी कंपनीत क्लायंटचा राग पाच मॅनेजरांतून गाळून खाली येतो, आमच्याकडे तो थेट अंगावर येतो. शिकायला मिळतं हे खरं, एका वर्षात तिकडच्या तीन वर्षांचं मिळतं, पण बाजूला कोणीतरी पाहिजे जो म्हणेल "ते मी बघतो". ओरडणारा क्लायंट असेल तर त्याचं काम संपवा, पैसे घ्या आणि पुढचं काम घेऊ नका. आम्ही दोनदा असं केलंय. त्या महिन्यांत पगाराला ओढाताण झाली.

लाँच

लाँच सोमवार ते बुधवार. शुक्रवारी केलं तर शनिवार-रविवार जातो आणि पुण्यात गुरुवारी करू नका, दुरुस्तीसाठी लाइट जायचा तोच वार, कधी पाणीही नसतं.

डीएनएसला (साइट आणि मेल कुठल्या सर्व्हरवर आहेत ते सांगणारी डोमेनची नोंदवही) हात लावायच्या आधी तिथल्या सगळ्या रेकॉर्डचा स्क्रीनशॉट काढा. हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, मार खाऊन सांगतोय. एका कारखान्याची साइट आम्ही नव्या होस्टिंगवर (साइट ठेवायच्या सर्व्हरवर) नेली आणि सरळ नेमसर्व्हरच, म्हणजे ही नोंदवही असते ती जागाच, बदलले. साइट झकास सुरू झाली, पेढे मागवले. मेल जुन्या ठिकाणी होते आणि त्यांचे एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठे पोचवायचा त्या नोंदी) नव्या जागी कोणी घातलेच नव्हते. सकाळी नऊपासून त्यांना एक मेल येईना. कोणाला कळलंही नाही, मेल येत नाही म्हणजे आज शांतता आहे असंच वाटतं ना. तीन वाजता त्यांच्या पर्चेसवाल्यांचा फोन आला की पार्टी म्हणतेय ऑर्डर सकाळीच पाठवली. चूक शंभर टक्के आमची. पेढे तसेच राहिले. आता नियम असा: आदल्या दिवशी टीटीएल (जुनी नोंद किती सेकंद धरून ठेवायची तो आकडा) ३०० वर आणायचा, नेमसर्व्हर बदलायचे नाहीत, फक्त ए रेकॉर्ड (साइट कुठे आहे ती नोंद) बदलायचा, आणि दहा मिनिटांत त्यांच्या ऑफिसच्या पत्त्यावर बाहेरून एक मेल टाकून तो पोचला का ते फोन करून विचारायचं.

कॉन्टॅक्ट फॉर्म पण स्वतः भरून बघा. आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या जुन्या साइट्समध्ये बंद फॉर्म इतके सापडलेत की आता पहिलं तेच तपासतो, मालकाला वाटत असतं साइटवरून चौकशीच येत नाही.

शेवटचं सोपवणं

डोमेन क्लायंटच्या नावावर, क्लायंटच्या ईमेलवर, क्लायंटच्या कार्डावरून. काही एजन्सीवाले मुद्दाम स्वतःच्या नावावर ठेवतात, पैसे अडकले तर हत्यार म्हणून. मला हे पटत नाही, आणि पटण्याचं सोडा, दहा वर्षांनी तुम्ही धंदा बंद केला आणि कार्ड एक्स्पायर झालं की त्यांची साइट आणि मेल दोन्ही जातील आणि शिव्या तुमच्या नावाने पडतील. पैशासाठी वर ती ९० दिवसांची ओळ लिहिलीय, ती वापरा.

एएमसीत, म्हणजे वर्षभराच्या देखभालीच्या करारात, तास लिहा, "सपोर्ट" लिहू नका. महिन्याला दोन तास म्हणजे दोन तास, पुढच्या महिन्यात जमा होत नाहीत. चौथ्या महिन्यात "एक छोटासा चेंज होता" म्हणून फोन येईल, तेव्हा "हो, या महिन्याचे दोन तास शिल्लक आहेत, त्यात करून टाकतो" एवढंच म्हणायचं.

शेवटच्या दिवशी त्यांच्या ऑफिसला जा. मुलाला बसवून त्याच्या हाताने एक फोटो बदलून घ्या, तुम्ही माउसला हात लावू नका. डोमेनच्या एक्स्पायरीचं रिमाइंडर त्याच्या फोनमध्ये टाका, ६० दिवस आधीचं एक आणि १५ दिवस आधीचं एक, आणि तीच दोन तुमच्याही कॅलेंडरमध्ये. मग त्यांना त्यांचे पासवर्ड बदलायला लावा आणि तुमच्या पासवर्डच्या शीटमधून त्यांच्या ओळी उडवा, त्यांच्यासमोरच.